बाटलीवर ‘अँटिव्हायरल’, बाटलीत किती?

मसाल्याच्या बियांपासून काढलेली तेलं, अर्क, कॅप्सूल आणि फवारे यांच्या वेष्टनावर दोन शब्द हमखास असतात: बुरशीनाशक आणि विषाणूरोधक. दोन्ही शब्द अगदीच खोटे नाहीत. कलौंजीतलं थायमोक्विनोन, ओव्यातलं थायमॉल, राईतून सुटणारं ॲलिल आयसोथायोसायनेट, शहाजिऱ्यातलं कार्व्होन ही सगळी रसायनं काचेच्या भांड्यात बुरशी रोखतात, काही विषाणूही निकामी करतात. पण किती मात्रेत, किती वेळात आणि नेमकं कुठे, याचं उत्तर वेष्टनावर सापडत नाही. म्हणून इथे कंपन्यांची तुलना न करता मालाच्या प्रकारांचं परीक्षण केलं आहे. कलौंजीचं तेल आणि त्याच्या कॅप्सूल, ओव्याचं तेल आणि ओव्याचं फूल, राईची पूड, आणि जाता जाता बाकीची मंडळी.

कलौंजीचं घाण्यावरचं तेल

पहिली चूक खरेदीच्या क्षणीच होते आणि ती नावामुळे होते. कलौंजी म्हणजे नायजेला सटायव्हा. इंग्रजीत तिला ‘ब्लॅक क्युमिन’ म्हणतात. त्याचं कुणीतरी ‘काळं जिरं’ असं भाषांतर करतं, आणि काळं जिरं मागितलं की हातात ब्युनियम पर्सिकम पडतं, म्हणजे वेगळ्याच कुळातलं, जिऱ्याच्या नात्यातलं बी. त्याहून मोठा घोळ कारळ्यांचा. कारळे किंवा खुरासणी हे इंग्रजीत ‘नायजर’, आणि नायजर-नायजेला यांत गल्लत व्हायला फार काही लागत नाही. कारळ्याचं तेल चांगलंच असतं, पण त्यात थायमोक्विनोनचा पत्ता नसतो. कांद्याचं बी तर दिसायला कलौंजीची जुळी बहीणच.

बी हातात घेऊन बघता आलं तर ओळख सोपी आहे. कलौंजीचा दाणा दोन-तीन मिलिमीटरचा, काळा पण चमक नसलेला, तीन-चार कडा असलेला, आणि भिंगातून पाहिला तर पृष्ठभागावर सुरकुत्यांचं बारीक जाळं दिसतं. फोडला की आत पांढरट आणि तेलकट. दोन बोटांत चुरडला की ओव्याच्या जवळ जाणारा, किंचित मिरीची झाक असलेला वास येतो. कारळा लांबट, चकचकीत आणि एका टोकाला निमुळता. कांद्याचं बी चुरडलं तर ओव्यासारखा वास येतच नाही. बाटलीवर शास्त्रीय नाव नसेल तर ती परत फळीवर ठेवावी, एवढा नियम पुरे.

आता आत काय आहे ते पाहू. बियांच्या वजनाच्या साधारण ३० ते ४० टक्के स्थिर, म्हणजे न उडणारं, तेल असतं. त्यातला निम्म्याहून अधिक भाग लिनोलेइक आम्लाचा, त्याखालोखाल ओलेइक आणि पामिटिक. बुरशी किंवा विषाणू यांच्याशी या भागाचं फारसं देणंघेणं नाही. काम करतो तो उडून जाणारा, वासाचा भाग. तो बियांत जेमतेम अर्धा ते दीड टक्का असतो, आणि चांगल्या मालात त्यातलं ३० ते ४८ टक्के थायमोक्विनोन. उरलेल्यात पॅरा-सायमीन, कार्व्हाक्रॉल, टर्पिनिऑल-४ वगैरे. घाण्यात स्थिर आणि उडणारं अशी दोन्ही तेलं एकत्र उतरतात. म्हणजे एक बाटली तेल विकत घेताना आपण प्रत्यक्षात अर्धा-एक टक्का औषधी भाग आणि ९९ टक्के वाहक विकत घेतो. बाजारातल्या तेलांत थायमोक्विनोनचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या खालपासून ३ टक्क्यांपर्यंत कुठेही असतं. रंग, दाटपणा किंवा घशाला लागणारा ठसका यांवरून ते कळत नाही.

लेबलावरची एक चलाखी इथे ध्यानात घ्यावी. ‘थायमोक्विनोन ३० टक्के’ असं लिहिलेलं दिसलं तर तो आकडा बहुधा फक्त उडणाऱ्या भागातला असतो, बाटलीतल्या तेलातला नव्हे. विचारायचा प्रश्न एकच: एकूण तेलाच्या वजनात किती टक्के, कोणत्या बॅचमध्ये, कोणत्या पद्धतीने मोजलं? एचपीएलसीने, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने, मोजलं असेल तर अहवालात स्तंभाचा प्रकार आणि तरंगलांबी असायला हवी. थायमोक्विनोन २५४ नॅनोमीटरच्या आसपास उत्तम दिसतं. थायमॉल आणि थायमोहायड्रोक्विनोन २९४ च्या आसपास पाहिलं जातं. एकाच तरंगलांबीवर सगळे आकडे दिले असतील तर निदान एक तरी आकडा अंदाजाचा आहे, असं खुशाल समजावं. प्रमाण तीन टक्क्यांच्याही वर गेलं की वेगळी शंका येते, ती म्हणजे बाहेरून शुद्ध थायमोक्विनोन घातलं आहे का. तसं घालणं हा काही गुन्हा नाही, पण मग ‘निव्वळ घाण्याचं’ हा दावा गळून पडतो.

हिशेब करून पाहू

त्वचेवरच्या नायट्याच्या बुरशींवर थायमोक्विनोन तपासलेलं एक संशोधन २००५ साली प्रसिद्ध झालं. बुरशी थांबवायला लागलेली किमान मात्रा मिलिलिटरला ०.१२५ ते ०.२५ मिलिग्रॅम निघाली. त्याच प्रयोगात ग्रिझिओफल्विन या जुन्या औषधाला लागले ०.००१ ते ०.०१५ मिलिग्रॅम. म्हणजे बियांतलं शुद्ध रसायनसुद्धा औषधापेक्षा दहा ते शंभरपटीने, कधी त्याहूनही कमी ताकदीचं. आणि बियांचा कच्चा ईथर-अर्क? त्याला १० ते ४० मिलिग्रॅम लागले. जाहिरातीत यातलं ‘बुरशी थांबली’ एवढंच येतं.

आता एक टक्का थायमोक्विनोन असलेलं, म्हणजे बऱ्यापैकी चांगलं तेल ५ मिली घेतलं असं धरू. त्याचं वजन साधारण ४.६ ग्रॅम, त्यात थायमोक्विनोन ४६ मिलिग्रॅम. ते सगळंच्या सगळं एका क्षणात रक्तात उतरलं, यकृताने काही तोडलं नाही, असं अशक्य गृहीतक धरलं आणि पाच लिटर रक्तात वाटलं, तर मिलिलिटरला ९ मायक्रोग्रॅम होतात. लागणार होते १२५ ते २५०. प्रत्यक्षात तर हे रसायन रक्तातल्या अल्ब्युमिनला घट्ट चिकटतं, त्यामुळे मोकळं फिरणारं प्रमाण त्याहून कितीतरी खाली जातं. पाचशे मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये तर एक टक्क्याच्या तेलाचे मोजून पाच मिलिग्रॅम थायमोक्विनोन असतं. पोटातून तेल घेऊन नखाची किंवा त्वचेची बुरशी बरी होईल, ही अपेक्षा इथेच संपते.

त्वचेवर थेट लावलं तर चित्र थोडं बदलतं. एक टक्का तेलात मिलिलिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम असतात, म्हणजे कागदावर गरजेच्या ३५-७० पट. मग फरक का पडत नाही? कारण थायमोक्विनोनला तेल प्रिय आहे. ते तेलातून बाहेर पडून त्वचेच्या थरात जायला फारसं उत्सुक नसतं. वर ते उडून जातं आणि उजेडात मोडतं. जितकं तेल जास्त चोपडावं तितकं रसायन तेलातच अडकतं आणि त्वचा ओलसर, झाकलेली राहते, जे नायट्याला हवंच असतं. जांघेत किंवा बोटांच्या बेचक्यात तेल लावून नायटा पसरतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. नखाच्या बुरशीत तर बाहेरून लावलेलं काहीच सहजासहजी आत पोचत नाही. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, त्यामुळे चांगलं औषध मिळूनही स्वच्छ नख यायला वर्ष जातं. चार आठवडे तेल लावून ‘गुण नाही’ किंवा ‘गुण आहे’ म्हणणं, दोन्ही घाईचं.

सध्या टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला न जुमानणारी ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए ही नायट्याची बुरशी पसरलेली आहे आणि लोक वैतागून तेलांकडे वळतात, हे समजण्यासारखं आहे. पण त्यावरचा इलाज म्हणजे बुरशीची तपासणी करून गोळी बदलणं. ते काम त्वचारोगतज्ज्ञाचं.

तेल बिघडतं कसं

थायमोक्विनोन उजेडात टिकत नाही. प्रकाश पडला की दोन रेणू जोडले जाऊन डायथायमोक्विनोन बनतं. उष्णतेने ते उडतं, अल्कधर्मी द्रावणात झपाट्याने मोडतं. म्हणून कलौंजी तेलाचा साबण हा प्रकार आम्हाला कधी पटलेला नाही. साबण अल्कधर्मी, बनवताना गरम, आणि वर तो धुऊन टाकायचा. सुगंध म्हणून ठीक. बुरशीसाठी शून्य गुण.

स्थिर तेलाचं दुखणं वेगळं. लिनोलेइक आम्ल जास्त असल्याने ते लवकर खवट होतं. शिवाय बी भरडलं की त्यातलं लायपेझ हे विकर (एंझाइम) लगेच कामाला लागतं आणि मोकळी आम्लं वाढतात. भरडलेलं बी रात्रभर ठेवून सकाळी घाण्यात घातलं तर तेल जन्मतःच आंबट. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात घाण्यावरच्या तेलांना पेरॉक्साइड अंक (खवटपणाचं माप) १५ पर्यंत आणि आम्लांक (मोकळ्या आम्लांचं माप) ४ पर्यंत चालतो. कलौंजीच्या तेलाचा आम्लांक ही मर्यादा सहज ओलांडतो. म्हणून अहवालात हे दोन आकडे आधी पाहावेत, थायमोक्विनोनचा नंतर.

बाटली गडद काचेची, लहान आणि तोंडापर्यंत भरलेली घ्यावी. पाव लिटरची एक घेण्यापेक्षा ५० मिलीच्या पाच बऱ्या, कारण प्रत्येक वेळी झाकण उघडलं की वरच्या मोकळ्या हवेत उडणारा भाग साठतो आणि निघून जातो. उघडल्यावर थंड, अंधाऱ्या जागी दोन-तीन महिने. तळाशी गाळ बसला तर घाबरायचं कारण नाही, पण रंगाच्या डब्यासारखा वास आला की फेकून द्यावं.

विषाणूंच्या बाबतीत या तेलाच्या बाजूने सांगण्यासारखा सर्वांत ठोस पुरावा सौदी अरेबियातल्या २०२१ च्या चाचणीचा आहे. सौम्य कोविडच्या १७३ रुग्णांपैकी निम्म्यांना ५०० मिलिग्रॅम तेलाची कॅप्सूल दिवसातून दोनदा, दहा दिवस दिली. चौदाव्या दिवसापर्यंत तेल घेणाऱ्यांतले ६२ टक्के बरे झाले, न घेणाऱ्यांतले ३६ टक्के. आकडे देखणे आहेत. पण दुसऱ्या गटाला बनावट कॅप्सूल दिलेली नव्हती, कोणाला काय मिळतंय हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ‘बरं वाटणं’ हे रुग्णाच्या सांगण्यावर ठरलं होतं. वरचा हिशेब डोक्यात ठेवला तर विषाणूवर थेट मारा होऊन हे घडलं असेल, असं म्हणणं अवघड आहे. दाह कमी होऊन लक्षणं हलकी झाली असतील, तर तो वेगळा गुण. त्याला विषाणूरोधक म्हणू नये.

घेणाऱ्यांसाठी दोन-तीन सावधगिऱ्या. कलौंजी यकृतातली सीवायपी२डी६ आणि सीवायपी३ए४ ही विकरं काही प्रमाणात रोखते, म्हणजे त्यांच्यावर अवलंबून असलेल्या औषधांची रक्तातली पातळी वाढू शकते. रक्त पातळ करणारी आणि साखरेची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको. गरोदरपणात औषधी मात्रा नको. त्वचेवर लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून ४८ तास वाट पाहावी, कारण या तेलाने ॲलर्जीचा पुरळ उठल्याच्या नोंदी आहेत. आणि नाकात थेंब टाकणं किंवा नेब्युलायझरमध्ये तेल घालणं हे कधीच नाही. कुठलंही स्थिर तेल फुप्फुसात गेलं की लायपॉइड न्यूमोनिया, म्हणजे तेलामुळे होणारा फुप्फुसाचा दाह, होऊ शकतो, मग ते कितीही ‘नैसर्गिक’ असो.

गुण: कातडीसाठी पाचपैकी दोन, पोटातून विषाणूसाठी एक.

ओव्याचं तेल आणि ओव्याचं फूल

रसायनाच्या दृष्टीने ओवा आणि कलौंजी चुलत भावंडं. ओव्यातल्या थायमॉलवर आणखी एक ऑक्सिजन चढला की थायमोहायड्रोक्विनोन होतं, आणि त्याचं ऑक्सिडीकरण झालं की थायमोक्विनोन. पण बाटलीत फरक मोठा पडतो. ओव्याच्या बियांत उडणारं तेल दोन ते चार टक्के, आणि वाफेवर काढल्यावर तेवढंच हाती येतं, स्थिर तेलाची भेसळ नाही. त्यात थायमॉल ३५ ते ६० टक्के. म्हणजे कलौंजीच्या घाण्याच्या तेलापेक्षा सक्रिय रसायनाचं प्रमाण पन्नासपट, आणि भाजण्याची शक्यताही तशीच. हे तेल कधीही निव्वळ त्वचेवर लावायचं नाही.

थायमॉल काम कसं करतं? ते बुरशीच्या पेशीच्या पडद्यात घुसतं, पडदा गळका करतं आणि एर्गोस्टेरॉल या त्याच पडद्यातल्या महत्त्वाच्या घटकाच्या घडणीत अडथळा आणतं. यात त्याच्या रेणूतल्या ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गटाचा वाटा मोठा. त्याच सांगाड्याचं पण ओएच नसलेलं पॅरा-सायमीन जवळजवळ निष्क्रिय आहे. खरेदी करणाऱ्याला याचा थेट उपयोग आहे, कारण ओव्याच्या तेलातली भेसळ नेमकी इथे होते. तेल थंड करून किंवा अल्कलीने धुऊन त्यातलं थायमॉल काढून घेतात, ते वेगळं विकतात, आणि उरलेलं सायमीन-टर्पिनीनचं पाणचट तेल ‘ओव्याचं तेल’ म्हणून बाटलीत भरतात. वास ओव्याचाच येतो. बुरशी मात्र हसते.

ओळखायची सोपी तऱ्हा अशी: पाच मिली तेल काचेच्या नळीत घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावं. थायमॉल भरपूर असेल तर सकाळी तळाशी खडे दिसतात. एखादा थायमॉलचा कण बीज म्हणून टाकला तर काम लवकर होतं. खडे नाहीत म्हणजे भेसळच असं नाही, कारण ४० टक्क्यांच्या आसपास तेल पातळच राहू शकतं. पण ६० टक्क्यांचा दावा असेल तर खडे यायलाच हवेत. प्रयोगशाळेत याहून नेमकं मोजता येतं. कॅशिया फ्लास्कमध्ये १० मिली तेल घ्यायचं, त्यात ५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइड घालून नीट हलवायचं. फिनॉल, म्हणजे थायमॉलसारखी रसायनं, अल्कलीत विरघळतं, उरलेलं तेल वर फ्लास्कच्या खुणा केलेल्या मानेत चढतं. मानेत ४.५ मिली दिसलं तर फिनॉल ५५ टक्के. पद्धत जुनी आणि स्वस्त आहे, पण तिच्यात थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल वेगळे कळत नाहीत.

ओव्याचं फूल म्हणजे थायमॉलचे खडे. वितळणबिंदू ४९ ते ५१ अंश सेल्सिअस. आज विकला जाणारा बराचसा माल मेटा-क्रेसॉलपासून कारखान्यात बनवलेला असतो. रेणू तोच, काम तेच, त्यामुळे बुरशीनाशक म्हणून त्यात कमीपणा नाही. फक्त ‘बियांपासून’ म्हणून जादा पैसे मागितले जात असतील तर देऊ नयेत. साठवताना मेंथॉल आणि कापूर यांपासून लांब ठेवावं. हे तिघे एका बरणीत आले की आपोआप पातळ होतात, आणि मग वजन करून घेण्यासारखं काही उरत नाही.

थायमॉलची खरी कटकट पाण्यात न विरघळण्याची. खोलीच्या तापमानाला लिटरभर पाण्यात ते जेमतेम एक ग्रॅमपर्यंत विरघळतं. कँडिडासारख्या यीस्टला थांबवायला मिलिलिटरला साधारण १०० ते ५०० मायक्रोग्रॅम लागतात. संपृक्त द्रावणात असतात फार तर हजार. म्हणजे हाताशी फारशी जादा ताकद नाही, आणि पृष्ठभागावर तेलकट मळ असेल तर थायमॉल त्या मळात शिरून बसतं व उरलीसुरली ताकदही जाते. कपाटाच्या फळ्या, चामड्याच्या वस्तूंची पेटी, बियाण्याचे रिकामे डबे यांच्यावर बुरशी धरू नये म्हणून पुसायचं असेल तर ०.८ ग्रॅम खडे आधी ५० मिली इथेनॉलमध्ये पूर्ण विरघळवून घ्यावेत आणि ते द्रावण ९५० मिली पाण्यात बारीक धारेने, ढवळत ओतावं. उलट, म्हणजे पाणी इथेनॉलमध्ये, केलं की मधेच थायमॉल दुधाळ होऊन थेंबांच्या रूपात सुटतं. तयार द्रावण पारदर्शक हवं. वर तेलाचे डोळे दिसले तर मात्रा जास्त झाली किंवा पाणी फार थंड आहे. ओतण्याच्या वेळी जवळ ज्योत नको. जागा आधी साबणाने धुऊन कोरडी करावी, मग पुसावं आणि दहा मिनिटं ओली राहू द्यावी. हे द्रावण वाढ रोखण्यासाठी आहे, रुग्णाच्या खोलीच्या निर्जंतुकीकरणासाठी नाही. भिंतीत पाणी मुरत असेल तर यानेच काय, कशानेच बुरशी जाणार नाही. ओव्याच्या तेलाने थर्मोकोल आणि पॉलिस्टायरीन विरघळतं, त्यामुळे बाटली काचेचीच. घरात मांजर असेल तर जास्तच जपावं, कारण मांजराच्या यकृताला फिनॉल नीट निकामी करता येत नाही.

व्यवहारात थायमॉलने स्वतःला सिद्ध केलेलं आहे, आणि म्हणूनच त्याला आमचे चांगले गुण. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे नोंदलेले थायमॉलचे निर्जंतुक द्रव आहेत. त्यांतल्या अनेकांवर संपर्ककाळ १० मिनिटं लिहिलेला असतो, पण फवारून अर्ध्या मिनिटात पुसणारा ते वाचत नाही. युरोपीय संघाने थायमॉल, युजेनॉल आणि जिरॅनिऑल यांना पिकांवरची बुरशीनाशकं म्हणून मान्यता दिलेली आहे, द्राक्षावरच्या करड्या बुरशीसाठी ती वापरतात. लिस्टरीनच्या मूळ सूत्रात ०.०६४ टक्के थायमॉल असतं. मात्र तिथे सोबत युकॅलिप्टॉल, मेंथॉल, मिथाइल सॅलिसिलेट आणि विसाहून अधिक टक्के अल्कोहोलही आहे. तेव्हा श्रेय एकट्या ओव्याच्या खात्यात जमा करू नये.

गुण: पृष्ठभागासाठी पाचपैकी चार. पोटात घेण्यासाठी आम्ही गुण देत नाही.

अहवाल वाचताना

विक्रेता अहवाल दाखवतो तेव्हा पहिली नजर पद्धतीवर जावी. बशीत बुरशी पेरून मधे तेलात बुडवलेली कागदी चकती ठेवायची आणि भोवतीचं रिकामं वर्तुळ मोजायचं, ही पद्धत फोटोला छान. पण तेल अगारमध्ये, म्हणजे बशीतल्या जेलीत, पसरत नाही. ते उडून झाकणाखाली साठतं आणि वाफेने बुरशी रोखतं. वर्तुळाचा व्यास हा उडण्याच्या वेगाचा आकडा असतो, ताकदीचा नव्हे. थायमोक्विनोनसारखं उडणारं रसायन भलंमोठं वर्तुळ दाखवतं आणि न उडणारं उत्तम रसायन नापास होतं.

द्रवात केलेली चाचणी बरी. यीस्टसाठी सीएलएसआय या प्रयोगशाळांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची एम२७ पद्धत आहे: आरपीएमआय हे पोषक माध्यम, पीएच ७, मिलिलिटरला ५०० ते २,५०० पेशी, ३५ अंश, २४ तासांनी वाचन. तंतुमय बुरशीसाठी एम३८. मात्र तेल या पद्धतींनाही चकवतं. छिद्रांच्या प्लास्टिक पट्टीत थायमॉलचं एक छिद्र भरलं की त्याची वाफ शेजारच्या छिद्रात जाते. ज्या छिद्रात औषधच घातलेलं नाही त्यातही बुरशी उगवत नाही, आणि मग तेल आहे त्याहून कितीतरी भारी वाटतं. पट्टी चिकटपट्टीने नीट बंद केली होती का आणि कोरी छिद्रं औषधाच्या छिद्रांपासून लांब होती का, हे विचारावं. उलट दिशेची चूक ट्वीन ८० या तेल पाण्यात मिसळवणाऱ्या द्रव्याची. तेल मिसळावं म्हणून ते जास्त घातलं की थायमॉल त्याच्या सूक्ष्म गोळ्यांत लपून बसतं आणि तेल आहे त्याहून कमजोर दिसतं. म्हणून ट्वीन किंवा डीएमएसओ (तेल विरघळवणारा द्रव) किती टक्के होतं हा आकडा हवाच. डीएमएसओ एक टक्क्याच्या वर गेलं की ते स्वतःच बुरशीला त्रास देऊ लागतं.

विषाणूंच्या अहवालात खरी गंमत क्रमाची. बहुतेक प्रयोगांत तेल आणि विषाणू आधी तासभर एकत्र ठेवतात आणि मग ते मिश्रण पेशींवर टाकतात. चरबीचं वेष्टन असलेले विषाणू, उदाहरणार्थ हर्पिस, इन्फ्लुएंझा, कोरोना, अशा वेळी निकामी होतात, कारण तेल त्यांचं वेष्टन बिघडवतं. तेच तेल आधीच संसर्ग झालेल्या पेशींवर टाकलं की परिणाम बहुधा नाहीसा होतो. आजारी माणसाच्या पेशींत विषाणू आधीच शिरलेला असतो. त्यामुळे पहिला प्रयोग पृष्ठभागाच्या फवाऱ्याबद्दल काही सांगतो, गोळीबद्दल काहीच नाही. वेष्टन नसलेले नोरो, पोलिओ, सर्दीचे ऱ्हायनो हे विषाणू या सगळ्याला एरवीच चिवट. शिवाय तेल पेशींनाही मारतं. पेशी मेल्या तर विषाणू वाढणार कुठे? म्हणून पेशी निम्म्या मारणारी मात्रा आणि विषाणू निम्मा रोखणारी मात्रा, या दोन्हींचं गुणोत्तर मागावं. ते दोन-तीनच्या घरात असेल तर औषध म्हणून चर्चाच नको.

आणि ‘९९.९ टक्के’ या मोहक आकड्याबद्दल. हे झालं तीन लॉग, म्हणजे हजारपट घट. युरोपीय मानक ईएन १४४७६ विषाणूनाशक म्हणायला चार लॉग मागतं, म्हणजे ९९.९९. दोघांत एका नऊचा फरक दिसतो, पण शिल्लक विषाणू दहापट कमी हवेत, असा त्याचा अर्थ.

राईची पूड

हा या यादीतला सर्वांत कमी गाजलेला आणि बंद डब्यासाठी सर्वांत कामाचा माल. राईत सिनिग्रिन असतं, पण ते स्वतः बुरशीला काही करत नाही. बी फुटलं, पाणी लागलं की मायरोसिनेझ हे विकर सिनिग्रिन तोडतं आणि ॲलिल आयसोथायोसायनेट सुटतं. नाकात जातो तो झणका त्याचाच. म्हणून कोरडी पूड डब्यात ठेवून उपयोग नाही, भाजलेल्या राईची पूड तर अजिबात नाही, कारण भाजताना विकर मरतं. पिवळी मोहरीही चालत नाही. तिच्यात सिनाल्बिन असतं आणि त्यापासून होणारं रसायन उडत नाही.

पाच लिटरच्या हवाबंद डब्यासाठी तीन ते चार ग्रॅम ताजी पूड वाटीत घ्यावी आणि कोमट, म्हणजे ३५-४० अंशांच्या पाण्याने सरसरीत करावी. पाणी ६०-७० अंशांवर गेलं तर विकर निकामी, व्हिनेगर किंवा लिंबू घातलं तर ते मंदावतं. वाटी आत ठेवून लगेच झाकण लावावं. राईच्या पुडीतून साधारण अर्धा ते एक टक्का आयसोथायोसायनेट सुटतं असं धरलं तर डब्याच्या हवेत मिलिलिटरला तीन ते आठ मायक्रोग्रॅम होतात. पावावर वाढणाऱ्या बहुतेक बुरशींना हवेत दोन ते चार पुरतात. ॲस्परजिलस फ्लेव्हस मात्र चिवट, ती थांबते पण मरेलच असं नाही. डबा उघडल्यावर ती पुन्हा वाढू शकते, हे धान्य-बियाणं साठवणाऱ्याने विसरू नये. रिकामे डबे, साठवणीच्या पेट्या यांसाठी हे उत्तम. उगवणीसाठी ठेवलेल्या बियाण्यावर आधी मूठभर बी घेऊन उगवण तपासावी, कारण हेच रसायन कोंबालाही रोखतं. झाकण उघडताना तोंड लांब ठेवावं, खिडकी उघडी हवी. डोळ्यांतून पाणी काढण्यात याचा हात कुणी धरणार नाही.

गुण: चार. वास सहन न होणाऱ्यांसाठी तीन.

बाकीचे थोडक्यात

शहाजिऱ्यातलं कार्व्होन बटाट्याच्या साठवणीत कोंब रोखायला वापरलं गेलं आहे, आणि सोबत काही साठवणीच्या बुरशींनाही आवर घालतं. बंद गोदामासाठी विचार करण्यासारखं. जिऱ्यातलं क्युमिनाल्डिहाइड बऱ्यापैकी. धण्यांच्या तेलात ६० ते ८० टक्के लिनालूल, त्याचं बुरशीवर काम मवाळ, आणि हवेत ठेवल्यावर बनणारी त्याची ऑक्सिडीकृत रूपं त्वचेला ॲलर्जी करतात. बडीशेपेच्या ॲनेथॉलला या कामासाठी विकत घेऊ नये.

चक्रीफूल हे बी नव्हे, फळ आहे, पण त्याच्या नावावर विषाणूरोधक माल सर्रास खपतो. कारण असं की ओसेल्टामिव्हिर हे फ्लूचं औषध बनवायला लागणारं शिकिमिक आम्ल चक्रीफुलातून काढत. मात्र शिकिमिक आम्ल स्वतः इन्फ्लुएंझाला रोखत नाही. त्यावर रसायनशाळेत अनेक पायऱ्यांचं काम झाल्यावर औषध तयार होतं. वर त्याच्यासारखं दिसणारं जपानी चक्रीफूल विषारी आहे, त्यातल्या ॲनिसाटिनने झटके येतात. त्यामुळे ‘फ्लूवर चक्रीफुलाचा काढा’ यात गुण शून्य आणि जोखीम खरी.

शेवटी, बियांतली खरी तिखट बुरशीनाशकं बाटलीत येतच नाहीत. मुळ्याच्या बियांत डिफेन्सिन नावाची छोटी प्रथिनं असतात. बी भिजून त्याचं साल फाटलं की ती बाहेर झिरपतात आणि कोंबाभोवतीच्या बुरशीला लांब ठेवतात. कलौंजीतही अशी प्रथिनं सापडली आहेत. ती पाण्यात विरघळतात, त्यामुळे घाण्यात ती पेंडीबरोबर मागे राहतात, आणि वाफेबरोबर तर प्रथिन उडतच नाही. लेबलावर ‘डिफेन्सिनयुक्त तेल’ असं कुणी लिहिलं तर ते तेल कशात काढलं, एवढं विचारून पाहावं.